इटलीतल्या सुट्ट्या आणि सणवार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिलान किंवा बोलोन्याला शिकायला निघालेली मुलं, तोरिनोत नोकरीला लागलेले इंजिनिअर, रोम-फ्लोरेन्स-व्हेनिसची सहल आखणारी कुटुंबं, या सगळ्यांचे इटलीच्या सुट्ट्यांबद्दलचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मात्र एक गोष्ट आधीच सांगते. सरकारी यादी पाठ केली म्हणजे इटलीचं वर्ष कळलं, असं होत नाही. खरं वर्ष गावागावाचं वेगळं असतं, आणि ज्या गावात तुम्ही राहणार आहात तिथला मोठा दिवस कोणता हे विचारूनच घ्यायला हवं.

देशभर लागू असलेल्या सुट्ट्या कोणत्या?

1 जानेवारी, 6 जानेवारी (एपिफानिया, तीन राजे बाळ येशूला भेटले तो सण), ईस्टरचा रविवार आणि त्यानंतरचा सोमवार, 25 एप्रिल (मुक्तिदिन), 1 मे, 2 जून (प्रजासत्ताक दिन), 15 ऑगस्ट (फेरागोस्तो), 4 ऑक्टोबर (संत फ्रान्सिस), 1 नोव्हेंबर (सर्व संतांचा दिवस), 8 डिसेंबर (इम्माकोलाता, मेरीचा सण), 25 आणि 26 डिसेंबर. ईस्टरचा रविवार धरून तेरा. शिवाय प्रत्येक गावाच्या स्वतःच्या संताचा एक दिवस असतो, तो या यादीत दिसत नाही.

बोल्झानो प्रांतात पेंटेकॉस्ट या ईस्टरनंतर सातव्या रविवारी येणाऱ्या सणाचा सोमवारही सुट्टीचा असतो. शाळांचं वेळापत्रक प्रत्येक प्रदेश आपापलं ठरवतो. त्यामुळे मुलांच्या शाळेच्या सुट्ट्या त्या प्रदेशाच्या यादीतच बघाव्यात, शेजारच्या प्रदेशातल्या मैत्रिणीवर विसंबू नये.

4 ऑक्टोबर जुन्या याद्यांमध्ये दिसत नाही. ही सुट्टी नवी आहे का?

नवी म्हणजे परत आलेली. 1977 साली इटलीने एका कायद्याने सुट्ट्यांना मोठी कात्री लावली. कामाचे दिवस वाया जातात, हे कारण होतं. 19 मार्चचा संत जोसेफचा दिवस गेला, 6 जानेवारी गेली, 2 जूनचा समारंभ तर जूनच्या पहिल्या रविवारी ढकलला गेला. लोकांना ते कधीच पटलं नाही. 6 जानेवारी 1986 पासून परत मिळाली, 2 जून 2001 पासून. संत फ्रान्सिसचा दिवस परत यायला सगळ्यात जास्त काळ लागला. 2025 मध्ये संसदेने कायदा केला आणि 2026 पासून तो लागू झाला. फ्रान्सिसचा मृत्यू 1226 चा, म्हणजे हे आठशेवं वर्ष. तो असिसीचा, आणि सिएनाच्या संत कातेरिनाबरोबर साऱ्या इटलीचा पालक संत मानला जातो.

2026 मध्ये 4 ऑक्टोबरला नेमका रविवार आहे, त्यामुळे पहिल्या वर्षी नोकरदारांना वेगळा असा दिवस मिळत नाही. 2027 मध्ये सोमवार आहे.

सुट्टी रविवारी आली तर दुसऱ्या दिवशी भरपाई मिळते का?

नाही. सोमवारी कामावर जायचं. बऱ्याच कामगार करारांत अशा दिवसाचा जादा पगार धरलेला असतो, तेव्हा पगारपत्रक नीट बघा.

उलट सुट्टी मंगळवारी किंवा गुरुवारी आली, की मधला एक दिवस रजा टाकून लोक चार दिवस जोडून घेतात. याला ‘पोंते’ म्हणतात, आणि तो कसा जुळवायचा याची चर्चा ऑफिसात जानेवारीपासूनच सुरू होते. 2026 मध्ये 2 जून मंगळवारी आहे. 8 डिसेंबरही मंगळवारी आहे, आणि मिलानकरांना सोमवारची 7 तारीख त्यांच्या संताची म्हणून मिळतेच, म्हणजे शनिवार ते मंगळवार एकही रजा न टाकता मोकळे. अशा दिवसांत परवाने, व्हिसा किंवा घरभाड्याच्या कराराची कामं काढू नका. कार्यालय उघडं असलं तरी ज्याची सही हवी तो माणूस डोंगरात गेलेला असतो.

गावाच्या संताची सुट्टी म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे ग्रामदैवताच्या जत्रेला जे स्थान आहे, तेच तिथे ‘सांतो पात्रोनो’च्या दिवसाला आहे. बाहेर नोकरीला गेलेला माणूस त्या दिवशी घरी येतो. बँका, कचेऱ्या, शाळा बंद असतात आणि शेजारच्या गावात मात्र सगळं रोजच्यासारखं चालू असतं. परगावच्या माणसाची फसगत होते ती इथेच.

मिलानचा सांतांब्रोजो 7 डिसेंबरला. त्याच संध्याकाळी ला स्काला या ऑपेरागृहाचा नवा मोसम सुरू होतो आणि त्या दिवसांत ‘ओ बेय ओ बेय’ नावाचा जुना बाजार भरतो. रोमचे संत पीटर आणि पॉल 29 जूनला. फ्लोरेन्स, तोरिनो आणि जेनोआ या तिन्ही शहरांचा संत एकच, सान जोव्हान्नी, 24 जूनला. पादोव्हाचा संत अँथनी 13 जूनला, नापोलीचा सान जेन्नारो 19 सप्टेंबरला, पालेर्मोची सांता रोझालिया 15 जुलैला, कातानियाची सांतागाता 5 फेब्रुवारीला, त्रिएस्तेचा सान जुस्तो 3 नोव्हेंबरला.

काहींच्या नशिबी मात्र वेगळा दिवस येतच नाही. व्हेनिसच्या संत मार्कचा दिवस 25 एप्रिल, तोच मुक्तिदिन. बोलोन्याचा सान पेत्रोनियो 4 ऑक्टोबरला, म्हणजे आता तिथेही दोन सुट्ट्यांची एकच झाली.

यातला एकच सोहळा बघायला सांगायचा, तर मी कातानिया सांगेन. 3 ते 5 फेब्रुवारी हे तीन दिवस एटना ज्वालामुखीच्या पायथ्याचं हे शहर झोपत नाही. पांढरे झगे आणि काळ्या टोप्या घातलेले हजारो भाविक दोराला धरून सांतागाताचा चांदीचा रथ ओढतात. खाटीक, बेकरीवाले, मासेवाले अशा एकेका धंद्याच्या संघाचा उंच, कोरीव, सोनेरी दिवट्यांचा मनोरा पुढे चालतो, तो वाहणाऱ्यांच्या पावलांबरोबर डुलतो. रस्त्यावर मेणबत्त्यांचं मेण इतकं सांडतं की नंतर काही दिवस गाड्या घसरतात, म्हणून ते खरवडून काढावं लागतं. तुम्ही तिथे असाल तर जाड तळव्याचे बूट घाला.

बस-ट्रामच्या फलकावर ‘फेरियाली’ आणि ‘फेस्तिव्ही’ लिहिलेलं असतं. कोणत्या दिवशी कोणतं बघायचं?

‘फेरियाली’ म्हणजे कामाचे दिवस, आणि शनिवारही त्यातच मोडतो. ‘फेस्तिव्ही’ म्हणजे रविवार आणि सुट्ट्या. गाडी लावण्याच्या फलकावर शब्दांऐवजी चिन्हं असतात. एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन हातोडे म्हणजे कामाचा दिवस, क्रूस म्हणजे सुट्टी. शनिवारी फुकट असेल असं धरून गाडी लावली तर दंडाची चिठ्ठी ठरलेली. लहान गावांत सुट्टीच्या दिवशी बस अगदी तुरळक धावतात, काही मार्गांवर धावतच नाहीत. खेड्यात जायचं असेल तर परतीची बस आधी बघा, मग जायची.

6 जानेवारीला एवढं काय असतं?

बेफाना येते. फाटका झगा, पायात झिजलेले जोडे, हातात झाडू, अशी एक म्हातारी 5 तारखेच्या रात्री उडत येऊन मुलांच्या मोज्यात खाऊ ठेवते. ज्याने वर्षभर व्रात्यपणा केला त्याच्या मोज्यात कोळसा, म्हणजे काळ्या रंगाची साखरेची ढेप. खरं तर प्रत्येकच मोज्यात एखादा तुकडा सापडतो, कारण मुलांना तो आवडतो. रोमच्या पियाझ्झा नाव्होनात तिच्या नावाचा बाजार भरतो. इटलीत म्हण आहे की एपिफानिया सगळे सण घेऊन जाते. 7 तारखेला शाळा उघडतात, झाडावरचे दिवे उतरतात आणि दुकानांत हिवाळी सवलती सुरू झालेल्या असतात.

कार्निव्हलसाठी व्हेनिसच बघावं का?

कार्निव्हल म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या काळापूर्वीची धमाल. मुखवटे आणि जुने पोशाख बघायचे असतील तर व्हेनिस. पण तिथला आजचा कार्निव्हल 1979 पासूनचा आहे. 1797 साली व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडालं आणि त्याबरोबर तो सणही बंद पडला, पुढे जवळजवळ दोनशे वर्षांनी त्याला परत उभं केलं गेलं. शेवटच्या आठवड्यात गल्ल्यांतून चालणं मुश्कील होतं. जायचंच तर आदल्या आठवड्यातल्या मधल्या वारी जा.

तोस्कानातल्या व्हियारेज्जोत 1873 पासून मिरवणूक निघते. कागदाच्या लगद्याचे तीन-चार मजली रथ, त्यावर हलणारे-डोळे मिचकावणारे पुढाऱ्यांचे पुतळे. हे रथ बनवणाऱ्यांच्या घराण्यांत कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि एका रथामागे महिनोन्‌महिने काम असतं.

इव्हरेया या उत्तरेकडच्या गावात संत्र्यांची लढाई होते. जुलमी सरदाराविरुद्ध उठलेल्या गिरणीवाल्याच्या मुलीची गोष्ट तिच्यामागे आहे. रविवार, सोमवार आणि मंगळवार असे तीन दिवस रथावरचे आणि पायी लढणारे एकमेकांवर संत्री फेकतात. बघ्यांनी लाल टोपी घालायची, म्हणजे ‘मी लढाईत नाही’ अशी खूण. टोपी घातली तरी जाळीच्या मागेच उभं राहावं. संत्रं जोरात लागतं.

सार्डिनियातल्या मामोयादा गावात काळे लाकडी मुखवटे आणि मेंढ्यांची कातडी घातलेले ‘मामुथोनेस’ पाठीवर जड घंटांचं ओझं घेऊन एका तालात पावलं टाकतात. त्यांची सुरुवात 17 जानेवारीला, संत अँटनी आब्बातेच्या होळ्यांपासून होते. बोलायचं नाही, हसायचं नाही, फक्त घंटांचा तो एकत्र आवाज. उत्सवापेक्षा हे एखाद्या व्रतासारखं वाटतं आणि म्हणूनच लक्षात राहतं.

मिलानमध्ये चर्चचा विधी वेगळा असल्यामुळे कार्निव्हल चार दिवस उशिरा, शनिवारी संपतो. बाकी देशात मंगळवारीच आवरलेलं असतं.

गुड फ्रायडेला सुट्टी असते ना?

नसते. पुष्कळांना याचं नवल वाटतं. कॅथलिक धर्माचं केंद्र ज्या शहरात आहे त्या रोममध्येही शुक्रवारी कचेऱ्या चालू असतात. संध्याकाळी कोलोसियमपाशी पोपच्या परंपरेतली ‘व्हिया क्रुचिस’, म्हणजे येशूच्या क्रूसाच्या वाटेची प्रार्थना होते. सिसिलीतल्या त्रापानीत शुक्रवारी दुपारी निघालेली मिरवणूक शनिवारी दुपारीच संपते, म्हणजे जवळजवळ चोवीस तास खांद्यावर मूर्ती.

रविवारी सकाळी फ्लोरेन्सला असाल तर कॅथीड्रलसमोर लवकर जागा पकडा. ‘ब्रिंदेल्लोने’ नावाचा उंच लाकडी गाडा पांढरे बैल ओढून आणतात. चर्चच्या आतून तारेवरून कबुतराच्या आकाराचं एक रॉकेट सूं करत येतं, गाड्याला आग लावतं आणि तसंच परत आत जातं. मग भर दिवसा आतषबाजी. कबुतर नीट परतलं तर पीकपाणी चांगलं, असं जुन्या लोकांनी धरलेलं आहे, आणि आजही सारा चौक श्वास रोखून त्या कबुतराकडेच बघतो.

सोमवारच्या ‘पास्क्वेत्ता’ला डबे घेऊन शेतावर, डोंगरावर, समुद्रावर जायचं. 2027 मध्ये ईस्टर 28 मार्चला आहे, 2028 मध्ये 16 एप्रिलला.

25 एप्रिल हा दिवस मराठी माणसाने का लक्षात ठेवावा?

1945 साली या दिवशी उत्तर इटलीच्या मुक्ती समितीने मिलानमधून उठावाची हाक दिली. जर्मन फौजा आणि मुसोलिनीची राजवट यांच्या ताब्यातून शहरं सुटत गेली. पुढच्याच वर्षापासून हा दिवस पाळला जाऊ लागला. गावोगावी बँड वाजतो, शहीद झालेल्यांच्या दगडी पाट्यांना हार घालतात, जुने पार्टिझान, म्हणजे तेव्हाचे भूमिगत लढवय्ये, गळ्यात रुमाल बांधून येत. आता ते फार थोडे उरलेत, त्यांची नातवंडं येतात. व्हेनिसमध्ये याच दिवशी पुरुष आपल्या प्रिय स्त्रीला लाल गुलाबाची कळी देतात, ती चाल संत मार्कच्या दिवसाची.

या मुक्तीत मराठ्यांचं रक्त सांडलेलं आहे, आणि इटलीत राहणाऱ्या किती मराठी मुलांना हे माहीत असतं कोण जाणे. नाईक यशवंत घाडगे, रायगड जिल्ह्यातल्या माणगावजवळच्या पळसगावचे, वय बावीस. 10 जुलै 1944 रोजी वरच्या टायबर खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले. हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. बंदुकीत नव्या गोळ्या भरायला वेळ नव्हता, तेव्हा उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळवलं. दुसऱ्या जागेवरून आलेल्या गोळ्यांनी ते तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. उम्ब्रियातल्या मोन्तोने गावात 2023 साली त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ-स्मारक उभं राहिलं, माणगावात पुतळा आहे.

दुसरे शिपाई नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे. 9 एप्रिल 1945, उत्तर इटलीच्या रोमान्या भागातली सेनिओ नदी. जाधवांनी दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे पोचवलं. मग परत जाऊन, हाताला गोळी लागलेली असताना हातबॉम्बनी मशीनगनचे मोर्चे उडवले आणि काठावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना देत मागच्या तुकड्यांना बोलावलं. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सोळा दिवसांनी 25 एप्रिल उजाडला.

तुम्ही इटलीत असाल तर त्या दिवशी आपल्या गावच्या स्मारकापाशी जाऊन उभे राहा. कोणी अडवत नाही. कुठून आलात विचारलं तर घाडगे आणि जाधव यांची नावं सांगा.

1 मे आणि 2 जूनला काय असतं?

1 मे आपल्या ओळखीचाच, कामगार दिन. रोममध्ये 1990 पासून कामगार संघटना दिवसभराचा फुकट संगीत सोहळा करतात. रोमकर त्या दिवशी कोवळ्या बाकल्याच्या कच्च्या शेंगा सोलून पेकोरिनो चीजबरोबर खातात. आब्रुत्सोतल्या कोकुल्लो गावी सान दोमेनिकोच्या मूर्तीवर जिवंत, बिनविषारी साप घालून मिरवणूक निघते.

2 जून 1946 ला राजा हवा की प्रजासत्ताक, असा कौल घेतला गेला. देशपातळीवरच्या मतदानात बायकांनी मत दिलं ते पहिल्यांदाच. साधारण 1 कोटी 27 लाख मतं प्रजासत्ताकाला, 1 कोटी 7 लाख राजाला. रोममध्ये कोलोसियमजवळच्या रस्त्यावर संचलन होतं आणि विमानं आकाशात हिरवा-पांढरा-लाल धूर सोडत जातात. 25 एप्रिल, 2 जून आणि 4 नोव्हेंबर या तीन दिवशी सरकारी संग्रहालयांत प्रवेश फुकट असतो. रांग मोठी असते, सकाळी लवकर जा.

सिएनाचा पालियो म्हणजे घोड्यांची शर्यतच ना?

शर्यत जेमतेम दीड मिनिटाची. उरलेलं सगळं वर्ष तिच्यासाठी असतं.

सिएनात सतरा ‘कोंत्रादा’ आहेत, म्हणजे आळ्या म्हणा. हंस, गोगलगाय, सुरवंट, कासव, लाट, जंगल, घुबड अशी त्यांची नावं. माणूस आपल्या कोंत्रादाच्या झऱ्यावर बाप्तिस्मा घेतो, तिच्याच चर्चमध्ये प्रार्थना करतो, आणि वैऱ्याच्या आळीतली बायको केली तर पालियोचे चार दिवस नवरा-बायको आपापल्या माहेरी राहतात, असंही घडतं. शर्यत 2 जुलैला आणि 16 ऑगस्टला. चौकात सतराही घोडे मावत नाहीत, म्हणून दहाच धावतात. गेल्या वर्षी त्याच तारखेला ज्या सात जणांना संधी मिळाली नव्हती ते, आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेले तीन. घोडाही चिठ्ठीनेच मिळतो. पैसे टाकून चांगला घोडा घेता येत नाही. जॉकी मात्र पैसे देऊन आणलेला असतो आणि त्यामुळे त्याच्यावर पूर्ण भरवसा कोणी ठेवत नाही.

शर्यतीच्या दुपारी घोड्याला चर्चमध्ये आत नेतात. लोक गप्प. फादर पवित्र पाणी शिंपडतो आणि सांगतो, ‘जा, आणि जिंकून ये.’ शर्यत बिनखोगिराची, चौकाला तीन फेऱ्या. जॉकी वाटेत पडला आणि घोडा एकटा पहिला आला तरी ती कोंत्रादा जिंकली. विजयाच्या पंगतीत घोड्याला मानाची जागा असते.

चौकाच्या मध्यभागी उभं राहून बघायला पैसे पडत नाहीत, पण एकदा आत गेलात की शर्यत संपेपर्यंत बाहेर पडता येत नाही. ऊन कडक, सावली नाही, स्वच्छतागृह नाही. लहान मुलं आणि वयस्कर माणसांना घेऊन जाऊ नका. त्यांना आदल्या दिवसांच्या सरावाच्या फेऱ्या दाखवा. आणखी एक: वळणांवर घोडे पडतात, पूर्वी मेलेही आहेत. प्राणिमित्र संघटनांचा विरोध जुना आहे आणि तो मला रास्त वाटतो. वळणाच्या भिंतींवर गाद्या बांधतात, घोड्यांची तपासणीही कडक झाली, तरी धोका उरतोच. हे माहीत असू द्या आणि मग जायचं की नाही ते ठरवा.

खांद्यावरून मिरवणूक निघणारे मोठे उत्सव कुठे बघायला मिळतील?

उम्ब्रियातलं गुब्बिओ, 15 मे. तीन लाकडी मनोरे, प्रत्येकी सुमारे 300 किलोंचा, वर सांतुबाल्दो, सान जोर्जो आणि सांतांतोनियो यांच्या छोट्या मूर्ती. खांदे बदलत, धावत, गल्ल्यांतून आणि मग चढावरून मोंते इंजिनोवरच्या चर्चपर्यंत. सांतुबाल्दो नेहमी पहिला आणि मागच्याने पुढच्याला ओलांडायचं नाही. मग स्पर्धा कशाची? पडायचं नाही, अंतर पडू द्यायचं नाही, मनोरा वाकडा होऊ द्यायचा नाही. निकाल आधीच ठरलेला असूनही सारं गाव रडतं, ओरडतं, भांडतं. हे तीन मनोरे उम्ब्रियाच्या ध्वजावरही आहेत.

लात्सिओतलं व्हितेर्बो, 3 सप्टेंबरची रात्र. सांता रोझाचा सुमारे 30 मीटर उंच, पाच टनांहून जड दिव्यांचा मनोरा शंभरेक ‘फाक्किनी’, म्हणजे हमाल, उचलतात. निवड होण्यासाठी त्यांना दीडशे किलोची पेटी पाठीवर घेऊन चालून दाखवावं लागतं. रस्त्यावरचे दिवे मालवतात, म्होरक्या ‘सोल्लेव्हाते ए फेर्मी’ म्हणजे ‘उचला आणि थांबा’ अशी हाळी देतो आणि घरांच्या छपरांवरून एक उजळलेला मनोरा चालत येताना दिसतो. व्हितेर्बो, नोला, पाल्मी आणि सास्सारी या चार गावांच्या अशा मिरवणुका 2013 पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहेत.

ऑगस्टमध्ये इटली बंद असते, हे खरं का?

फेरागोस्तोच्या आसपास बरंचसं खरं. इ.स.पू. 18 मध्ये सम्राट ऑगस्टसने सुगीनंतरच्या विश्रांतीचे दिवस नेमून दिले, पुढे चर्चने 15 ऑगस्टला मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण ठेवला. आज तो समुद्राचा दिवस आहे. मिलान किंवा तोरिनोच्या रहिवासी भागात गल्लीतलं किराणा दुकान, न्हावी, दातांचा डॉक्टर, सगळ्यांच्या दारावर ‘किऊझो पेर फेरिये’ (सुट्टीनिमित्त बंद) अशी चिठ्ठी. कारखाने दोन-तीन आठवडे थांबतात. औषधाचं एखादं दुकान पाळीने उघडं असतं, त्याचा पत्ता बंद दुकानांच्या दारावर लावलेला असतो. नवीन घर घेणं, बँकेत खातं काढणं, गॅसजोडणी, ही कामं जुलैत उरका नाहीतर सप्टेंबरवर टाका. पर्यटकांची ठिकाणं मात्र चालू राहतात, फक्त गाड्यांची तिकिटं खूप आधी काढावी लागतात.

व्हेनिस आणि पालेर्मोचे मोठे सण साथीशी जोडलेले आहेत, ते कसे?

1575 ते 1577 च्या प्लेगमधून सुटका झाली म्हणून व्हेनिसने रेदेंतोरे चर्च बांधलं. जुलैच्या तिसऱ्या रविवारी तिथे जायला पाण्यावर तात्पुरता पूल घालतात आणि आदल्या रात्री नावांत जेवणाची पंगत आणि आतषबाजी. 1630-31 च्या प्लेगनंतर सालुते चर्च, त्याचा दिवस 21 नोव्हेंबर. हा पर्यटकांचा नव्हे, गावकऱ्यांचा सण. धुकं, मेणबत्त्या, हातात हात धरून आलेल्या आज्या. व्हेनिस खरं बघायचं असेल तर हा दिवस धरा. पालेर्मोत 1624 च्या प्लेगमधून सांता रोझालियाने वाचवलं अशी श्रद्धा आहे. 14 जुलैच्या रात्री तिचा रथ निघतो आणि सारं शहर ‘व्हिव्हा पालेर्मो ए सांता रोझालिया’ असं गर्जतं.

नोव्हेंबरमध्ये कोणाच्या घरी जाताना फुलं न्यावीत का?

न्या, पण शेवंती नको. इटलीत शेवंती फक्त थडग्यांवर वाहतात. 1 नोव्हेंबरची सुट्टी आणि 2 तारखेचा मृतांचा दिवस (हा सुट्टीचा नाही) या सुमारास बाजार शेवंतीने भरलेला असतो आणि आपल्याकडे देवाला वाहायची सवय असल्यामुळे हात नेमका तिकडेच जातो. सिसिलीत या दिवसांत बदामाच्या पिठीची हुबेहूब फळं करतात आणि घरातले गेलेले लोक रात्री येऊन मुलांसाठी खेळणी ठेवून जातात, असं मुलांना सांगतात.

डिसेंबरमध्ये नाताळ सोडून काय असतं?

झाड सजवायचं ते 8 डिसेंबरला. त्या दिवशी रोममध्ये अग्निशमन दलाचे जवान शिडी चढून मेरीच्या उंच पुतळ्याच्या हातात फुलांचं कडं अडकवतात. वेरोना, बेर्गामो, ब्रेश्या या भागांत मुलांना भेटी आणते ती सांता लुचिया, 13 तारखेला, गाढवावरून. मुलं तिच्या गाढवासाठी खाणं बाहेर ठेवतात. नापोलीच्या सान ग्रेगोरियो आर्मेनो गल्लीत वर्षभर मातीच्या मूर्ती घडतात, त्या घरोघरच्या ‘प्रेसेपे’ या येशूजन्माच्या देखाव्यासाठी. असा देखावा पहिल्यांदा मांडला तो संत फ्रान्सिसने, 1223 साली ग्रेच्चो गावात. 31 च्या रात्री मसूर खातात, नाण्यांसारखे दिसतात म्हणून पैसा येतो, अशी समजूत.

शाकाहारी माणसाने सणाच्या जेवणात काय सांभाळावं?

एक शब्द शिकून घ्या: ‘स्त्रुत्तो’, म्हणजे डुकराची चरबी. कार्निव्हलच्या कुरकुरीत ‘क्याक्येरे’ पूर्वी त्यातच तळत आणि काही ठिकाणी अजून तळतात. ईस्टरच्या पास्तिएरा या नापोलीकर गोड पक्वान्नाच्या पारीतही ती असू शकते. वर्षअखेरच्या मसुरांबरोबर डुकराच्या मांसाचं सॉसेज शिजवलेलं असतं. नाताळच्या आदल्या रात्री मांस नाही म्हणतात, पण मासे भरपूर असतात. पानेत्तोने, पांदोरो, कोलोंबा या सणांच्या सगळ्या केकांत अंडी. निर्धास्त खाण्यासारखं हवं तर सिसिलीत 13 डिसेंबरची ‘कुच्चिया’, उकडलेले गहू आणि गोड रिकोत्ता.

मिरवणुकीत आपण सामील व्हावं का?

बाजूने चालायला कोणी नाही म्हणत नाही. मूर्तीच्या वाटेत उभं राहून फोटो काढू नका, खांदेकऱ्यांना हात लावू नका, चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या. नापोलीच्या कॅथीड्रलमध्ये सान जेन्नारोचं कुपीत जपलेलं सुकलेलं रक्त पातळ होण्याची वाट बघणाऱ्या बायका ओरडून प्रार्थना करतात, रागावतात, रडतात. त्यांच्या तोंडासमोर फोन धरू नये, एवढं भान पुरे.

दिवाळीची सुट्टी इटलीत मागता येते का?

येते. 2012 च्या अखेरीस इटलीने हिंदू संघटनांच्या महासंघाबरोबरच्या करारावर कायदा केला, 246 क्रमांकाचा. त्यात दीपावलीचा दिवस पाळण्याची मुभा आहे. ही सार्वजनिक सुट्टी नव्हे. महासंघाशी जोडलेल्या संस्थांच्या सदस्यांनी मागणी करायची, आणि कामाची सोय बघून, वेळ पुढे-मागे करून ती मिळते. व्यवहारात सांगायचं तर सप्टेंबरमध्येच मनुष्यबळ विभागाला लेखी कळवा, तारीख स्पष्ट लिहा, आणि बदल्यात कोणत्या दिवशी जादा काम करणार तेही लिहा. बहुतेक वरिष्ठांना हा कायदा ठाऊक नसतो, म्हणून पत्रात त्याचा क्रमांक आणि साल घाला.